लाल फितीचा भोपळा

ताईच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही, त्याला कारण एक भोपळा.

पत्र चार ओळींचं होतं. बाबा परसात लावायचे त्या राखी सालीच्या भोपळ्याचं बी तिने सोबत पाठवलं होतं. तिचे वेल कुजले होते, हे शेवटचं बी. मी ते लावावं आणि पीक आलं की थोडं तिला परत पाठवावं. "बाबांचं वाण आपल्या हातून जायला नको," असं शेवटी लिहिलं होतं.

मी जन्मभर ग्रंथालयात नोकरी केलेला माणूस. कुदळ कधी हातात धरली नाही, पण भोपळ्यावर मिळतील ती पुस्तकं वाचून काढली आणि ठरवलं, नुसतं उत्तर कशाला? बियांसकटच पाठवू. ताई थक्क होईल!

पुस्तकांतून कळलं ते असं. आजूबाजूला दुसऱ्या जातीचे भोपळे असले की मधमाश्या तिकडचे पराग इकडे आणतात. फळ दिसतं अस्सल, पण आतलं बी मिसळीचं. वाण शुद्ध राखायचं तर मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने मिटून ठेवायचं, सकाळी त्याच वेलावरचं नर फूल त्यात हलकेच टेकवायचं, आणि पुन्हा चिमटा. मी हे सगळं केलं, पण बायकोला सांगितलं नाही. या वयात आपण फुलांची लग्नं लावतो आहोत, हे कोणत्या तोंडाने सांगणार? ती कपड्यांचे चिमटे कुठे जातात म्हणून विचारायची, मी वर्तमानपत्रात डोकं घालायचो.

त्यातलं एकच फूल फळाला आलं. ओळखू यावं म्हणून त्याच्या देठाला एका जुन्या पुस्तकातली खुणेची लाल फीत बांधली. बाकीची फळं मधमाश्यांच्या कृपेची. ती आम्ही खाल्ली, आणि त्यांचं बी मी नाक मुरडून कचऱ्यात टाकलं.

भोपळा पिकला तसा तोडून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. एका दुपारी वाचून उठलो, तर फळी रिकामी.

"दंतवैद्यांना दिला," बायको म्हणाली. "माझ्या दाढेसाठी त्यांनी सुट्टीच्या दिवशी दवाखाना उघडला होता ना. तुम्हीच तर छान फीत बांधून ठेवला होतात. म्हटलं, कधी नव्हे ते लक्षात राहिलं यांच्या."

तिला माझा इतका अभिमान वाटत होता, की खरं सांगण्याऐवजी मी चपला घालून बाहेर पडलो.

दंतवैद्य समोरच राहतात. बी तेवढं परत हवं होतं, हे वाक्य वाटेत घोकलं. पण दंतवैद्यासमोर मला तोंड उघडायची सवय आहे, बोलायची नाही. त्यांनी भोपळ्याच्या सूपची तारीफ केली आणि एक वाटी पुढे सरकवली. वाटीत बी होतं. भाजलेलं, मीठ लावलेलं.

"घ्या ना काका. तुमचंच आहे."

मी एक घेतलं. बाबांचं वाण दाढेखाली फुटलं. चव फार छान होती. तसं म्हणालो, तर त्यांनी आणखी दिलं. नाही म्हणणं मला आयुष्यात जमलेलं नाही. वाटी संपवली आणि घोकलेलं वाक्य जसंच्या तसं घरी घेऊन आलो.

बोलण्यापेक्षा लिहिणं बरं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याची चिठ्ठी लिहिली. ती घेऊन निघणार, तोच दंतवैद्य स्वतः दारात. हातात बरणी.

"अर्धं बी कच्चंच ठेवलं होतं, तुम्हाला पेरायला लागेल म्हणून. पण काल तुम्ही इतक्या आवडीने खाल्लंत, मग तेही भाजून टाकलं."

मी चिठ्ठी खिशात घातली आणि त्यांचे आभार मानले.

हिवाळा गेला. पीक कसं आलं, असं विचारणारं ताईचं कार्ड आलं. तेही मी एका पुस्तकात ठेवून दिलं. पुन्हा पेरणीचे दिवस आले तेव्हा मात्र राहवेना. बायकोला सगळं सांगितलं, अगदी चिमट्यांपासून. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"मला आधी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "त्या भोपळ्याजवळ मी कुणाला फिरकू दिलं नसतं." मग तिने ती न उघडलेली बरणी माझ्यापुढे ठेवली. "निदान चव तरी पोचू दे ताईंपर्यंत."

आज पत्र टाकलं. बरेच कागद फाडल्यावर एवढंच उरलं होतं:

"ताई, बाबांच्या भोपळ्याचं बी पाठवतो आहे. पेरू नकोस. मीठ लावलेलं आहे."