रफीकभाईंचा पायथॉन आणि बोंडअळी

रफीकभाई चहाचा कप तोंडाला लावण्याआधी विचारतात, "हे चहाच हाय न?" हो म्हटल्याशिवाय घोट घेत नाहीत. मोताळ्यात आमच्या शेतकरी गटाच्या कामांच्या याद्या मी ठेवते, कॉम्प्युटर ते सांभाळतात. "पह्यले प्रकार सांगा, मंग वस्तू द्या," हे त्यांचं पालुपद.

गुलाबी अळीनं बीटी कपाशीही पोखरली, त्या वर्षी त्यांनी पायथॉन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. शेतकऱ्यानं सापळ्यात अडकलेले अळीचे पतंग मोजून फोनवर आकडा पाठवायचा, फवारणी कधी ते प्रोग्राम सांगणार. आतल्या प्रत्येक नावाला त्यांनी प्रकाराची पाटी लावली: हा अंक, हा मजकूर. पाट्या एकमेकींशी जुळतात का, हे बघणारा तपासनीस प्रोग्रामही चालवला. एकही चूक निघाली नाही. मग दुपारभर ते खिडकीतून पांढऱ्या शेतांकडे बघत बसले, जणू सारी कपाशी त्यांच्याच शब्दावर फुटली होती.

दुसऱ्या दिवशी एका शेतात सापळे तीन, प्रत्येकी पतंग दोन, आणि प्रोग्रामनं एकूण दाखवले सहाऐवजी दोनशे बावीस. फोनवरून आलेला दोन हा अंक नव्हता, मजकूर होता. पायथॉननं तो तीनदा शेजारी शेजारी मांडला.

"पाटीवर तर अंक लिहिलंय," मी म्हणाले.

"मॅडम, धावतानी पायथॉन पाटीकडे पाहत बी नाही. अन् बाहेरून काय येईन, हे तपासनिसाले दिसत नाही."

मग आलेल्या मजकुराचा अंक करणारी एक ओळ त्यांनी घातली. आठवडाभर सुरळीत चाललं.

एका संध्याकाळी प्रोग्राम अडून बंद पडला. गटातल्या गजाननभाऊंनी आकड्याऐवजी लिहिलं होतं, "आता मोजून काय करू." मी लगेच सुचवलं, शब्द आले की 'फक्त अंक पाठवा' असं उत्तर जाऊ द्या, दोन ओळींचं काम आहे. रफीकभाई तोवर गाडीची किल्ली घेऊन उठले होते. मीही मागे बसले.

गजाननभाऊ बांधावर बसले होते. पुढे सगळी बोंडं कवडी होऊन न फुटता राहिलेली. उतरत्या उजेडात पतंग तरंगत होते, आणि रान झोपेत असल्यासारखं दिसत होतं. रफीकभाई शेजारी टेकले. अळीबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाले, "बायको गेली तवापासून मी एकटाच जेवून राह्यलो, भाऊ. आज माह्याकडे चाल."

गजाननभाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"भाजी कायची हाय?"

"अजून केली नाही," रफीकभाई म्हणाले. "दोघं मिळून करू."