आदर्श वारुळाच्या भिंती

एका जंगलात, बाळांनो, एक वारूळ होतं आणि त्यात सगळे पोटभर जेवत होते. यावरूनच समजा, गोष्ट किती जुनी आहे ते.

वारुळात वाळव्या राहत. त्यांच्या राणीचं नाव चंद्रसेना. ती दिवसाला हजारो अंडी घालायची. दुसरं काही येत नव्हतं, म्हणून ती राणी होती. पिल्लांना खायला तळघरात अळंबीची बाग होती. बाग सांभाळायची म्हातारी गोदाक्का.

गोदाक्काची एक रीत होती. नवी खोली बांधली की जुन्या खोलीची मळकी माती आणायची, तीत सगळ्यांची विष्ठा कालवायची आणि भिंतींना फासायची. आपण दुधाला विरजण लावतो ना, तसं. त्या मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असत. ते एक रस सोडत. त्या रसाने बुरशी मरे, अळंबीला मात्र काही होत नसे. गोदाक्काला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त तिच्या आजीने सांगितलं होतं.

एके दिवशी जंगलात 'आदर्श वारूळ' स्पर्धा निघाली. परीक्षक होते धवलराव बगळे. एरवी बगळा वाळव्या खातो, पण परीक्षक झालेला बगळा फक्त गुण खातो. दिवसभर चिखलात उभं राहून त्यांना स्वच्छतेची फार आवड लागली होती.

त्यांनी वारुळात चोच घातली आणि विचारलं, "भिंतींना हे काय फासलंय?"

"माती आहे साहेब," गोदाक्का म्हणाली, "आणि आमची विष्ठा."

धवलरावांनी चोच बाहेर काढून गवताला पुसली.

राणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने हुकूम सोडला. सगळ्या भिंती खरवडल्या, कडुलिंबाच्या पाण्याने धुतल्या, माती ओढ्यात फेकली. गोदाक्का नको नको म्हणत होती. तिला मागासलेली ठरवून रजेवर पाठवलं. वारुळाला पहिला नंबर मिळाला. दारावर पाटी लागली.

दहा दिवसांत अळंबीवर हिरवी बुरशी चढली. पिल्लं उपाशी राहू लागली. राणीने धवलरावांना विचारलं, तर ते म्हणाले, "घासण्यात कसूर झाली असेल." पुन्हा घासलं. बुरशी दुप्पट झाली. आता बागेचा एकच कोपरा उरला.

तेव्हा राणीने गोदाक्काला बोलावलं. "अक्का, काहीतरी करा. पोरं रडायचीसुद्धा थांबलीत."

गोदाक्का बोरीखालच्या वारुळात गेली. त्याला स्पर्धेत शून्य गुण होते. तिथली मुख्य पारूबाई दारातच उभी होती.

"पारूबाई, ओंजळभर माती द्याल का? भिंतीवरची."

"आमची घाण? पाटीवाल्यांना?"

"पोरं मरतील हो," गोदाक्का म्हणाली आणि तिला रडू आलं.

पारूबाईने स्वतः भिंत खरवडून दिली. वर म्हणाली, "संपली तर परत या. आमच्याकडे रोज ताजी तयार होते."

गोदाक्काने ती माती कालवली, फासली, आणि उरलेल्या कोपऱ्यापाशी बसून राहिली. पंधरवड्यात बुरशी हटली, अळंबी वर आली. पिल्लं खायला लागली तेव्हा गोदाक्काला इतका आनंद झाला, की ती स्वतः जेवायची विसरली.

पुढच्या वर्षी धवलराव पुन्हा आले. राणी आता शहाणी झाली होती. तिने दाराशी एक खोली बांधून घेतली होती. तिच्यात कोणी राहत नसे, काही पिकत नसे. रोज धुतली मात्र जाई. धवलरावांची चोच तेवढ्याच खोलीपर्यंत पोचली.

"वा," ते म्हणाले, "असं असावं घर." आणि त्यांनी शंभरपैकी शंभर गुण दिले.

तात्पर्य : स्वच्छता पाळावी, पण परीक्षकाची चोच पोचेल तेवढीच. त्याच्या आत आपल्याला जगायचं असतं.