खाडासुराचा रहिवासी दाखला

डोंबिवलीच्या श्रिया सामंत हिला येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता एका राक्षसाला ठार मारायचे होते. तशी पूर्वसूचना तिने आईला देऊन ठेवली होती, कारण नेमक्या त्या वेळी पोह्यांसाठी हाका सुरू होतात.

राक्षस राहायचा सप्तखाडी राज्यात आणि राज्य वसलेलं फोनवरच्या एका ग्रुपमध्ये. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या दोनशे माणसांनी एकेक पात्र घेतलेलं, ज्याने त्याने आपल्या पात्राच्या तोंडून लिहायचं आणि गोष्ट पुढे ढकलायची. दिवसभर हापिसात ‘हो सर’ म्हणणारे संध्याकाळी इथे तलवार उपसायचे. श्रिया या राज्याची बखर लिहायची. रेवती नावाडीण हे तिचं पात्र. रेवतीच्या बापाला खाडासुराने गिळलेलं, आणि तीन वर्षं लिहून लिहून श्रियाने तिला सुडाच्या उंबरठ्यावर आणून ठेवली होती. रविवारी राक्षस मरणार आणि बखर पुरी होणार, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिने दोन लग्नं आणि एक बारसं बुडवलं होतं.

बुधवारी माजिवड्याच्या मुकुलने घोळ घातला. तो सेनापती. म्हणाला, खाडासुराला मी दोन वर्षांपूर्वीच मारलाय! झालं, ग्रुपवर नुसती हाणामारी. श्रिया कंटाळून वडिलांकडे गेली.

“बाबा, तुमच्याकडे असं भांडण आलं की काय करायचात?”

प्रभाकररावांनी छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेली. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे एक चिटोरंही आवक झालं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला.

“राक्षस मेल्याची नोंद आहे?”

“नाही.”

“मग मेला नाही. त्यात भांडायचं काय?”

श्रियाने हे ग्रुपवर टाकलं आणि मुकुलने दावा मागे घेतला. श्रियाला इतका आनंद झाला, की तिने बाबांना राज्याचे अभिलेखपाल नेमून टाकलं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तो असा नेम धरून.

गुरुवारी प्रत्येक संवादाला आवक क्रमांक आला. शुक्रवारी मंत्र म्हणायला दोन साक्षीदार लागू लागले, आणि आग ओकणाऱ्या अजगराला शेजाऱ्यांची ना हरकत आणायला धाडण्यात आलं. आता कुणीतरी बंड करील की नाही? छे! लोक सुखावले. सेनापती मुकुलने तलवार जमा करून कनिष्ठ लिपिकाच्या जागेसाठी अर्ज केला. मागोमाग अकरा सरदारांनी केला.

“अरे मुकुल, आपण हापिसातून पळून इथे आलेलो ना?” श्रियाने विचारलं.

“हो गं. पण सरकारी कचेरीत मी कायम खिडकीच्या बाहेर, रांगेत असतो. इथे आत आहे!”

शनिवारी बाबांनी सांगितलं की राक्षसाला मारण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. खाडासुर म्हणजे ठाण्याच्या कोळीवाड्यातला मितेश. तीन वर्षांत त्याने ‘गुर्रर्र’पलीकडे काही लिहिलं नव्हतं. आता त्याने सात पानी उत्तर दिलं: खाडीत तीनशे वर्षं वास्तव्य, पुरावा म्हणून श्रियाचीच बखर, पान चार. बाबांनी तासाभरात निकाल दिला. वास्तव्य जुनं आहे, मुदतीत कुणी हरकत घेतलेली नाही, सबब राक्षस नियमित करण्यात येत आहे. सोबत रहिवासी दाखला.

राक्षसाला मारायच्या परवानगीसाठी केलेला रेवतीचा अर्ज मात्र परत आला. ती नावेत राहते, नावेला घर क्रमांक नाही, म्हणून ती उपरी. उपऱ्याला रहिवाशावर हल्ला करता येत नाही.

श्रियाने मितेशला फोन लावला. “एवढं सगळं कुठे शिकलास रे?”

“आजीच्या मागे फाइल घेऊन फिरून. चार पिढ्या खाडीला लागून घर आहे आमचं, अजून कागद नाय. इथे राक्षसाला एका दिवसात भेटला. आजीला दाखवला, तर बोलली, मलापण राक्षस कर.”

श्रिया हसली, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली. ती तडक बाहेरच्या खोलीत गेली.

“बाबा, रेवती माझी आहे हो. नातच समजा तुमची.”

“म्हणून तर!” बाबा म्हणाले. “घरच्यांना सूट दिली तर लोक काय म्हणतील?”

रविवारी अकरा वाजता श्रियाने शेवटचं प्रकरण लिहिलं. संतापाने डोळ्यांत पाणी आलेलं, तसंच लिहिलं. रेवतीने नाव किनाऱ्याला बांधली. वल्हं खांद्यावर टाकून ती रांगेत उभी राहिली. टोकन दोनशे चौदा. पुढच्याला तिने विचारलं, “साहेब जेवायला गेले का?”

ही सगळ्यांच्या मुस्काटात मारलेली चपराक होती. पण कुणाला लागली नाही. बखरीच्या इतिहासात कुठल्याही लढाईला मिळाले नसतील इतके बदाम त्या प्रकरणाला मिळाले. गिळलेल्या बापाबद्दल एकानेही विचारलं नाही. सगळे विचारत होते, झेरॉक्स किती प्रती लागतात?

हसू नका. खरं सांगा, रेवतीचा अर्ज परत आला तेव्हा तुम्हाला तिचा बाप आठवला, की ‘अगं, स्वयंघोषणापत्र जोड ना!’ हे ओठावर आलं?