प्रवेश मर्यादित, फक्त पंचवीस

"पंधरा दिवसांत आपली अंगणवाडी मुलांनी भरून दाखवतो!" असं मी माकणीच्या ग्रामसभेत उभं राहून ठणकावून सांगितलं. खरं म्हणजे मी उभा राहिलो होतो तो चप्पल शोधायला. पण बोललो खरा! हायस्कूलच्या ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखाली जन्म घालवलेला माणूस मी. माझा आवाज ऐकून माझी बायको प्रमोदिनी इतकी दचकली, की शेजारणीला म्हणाली, "कोण बोललं गं?"

बोलायला कारण होतं. अंगणवाडीत नऊच मुलं उरली होती. वीस झाली नाहीत, तर ती तीन किलोमीटरवरच्या गावातल्या अंगणवाडीत मिसळणार होती. नऊही जण धरणाकडच्या वस्तीवरची, रोजानं जाणाऱ्यांची लेकरं. तीन वर्षांचं पोर तीन किलोमीटर चालणार कसं?

आणि अंगणवाडी तर अशी, की पाहून मलाच पुन्हा चार वर्षांचं व्हावंसं वाटे! सेविका सत्यभामाताई नवं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. ठोकळे, चिकणमाती, बाहुल्या, गाणी, वर गरम खिचडी. पण गावातली बाकीची पोरं गळ्यात टाय आवळून, व्हॅनमध्ये हरभऱ्याच्या पोत्यांसारखी रचून, तालुक्याच्या गावी, लोहाऱ्याला, इंग्रजी नर्सरीत जात. का? तिथं पैसे घेतात म्हणून! फुकट मिळतं ते चांगलं असेलच कसं?

मी पुष्कळ विचार केला. माणूस उघड्या दाराकडं बघतही नाही. दार लोटलेलं दिसलं, की धक्का मारतो. मी माझ्या वळणदार अक्षरात पाटी रंगवली आणि फाटकाला लावली: 'प्रवेश मर्यादित. फक्त पंचवीस. अर्ज करावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बलभीम दारात! बारा एकर उसाचा धनी.

"का वं पंत, आमच्या रुद्रेशला घ्यायचं न्हाय म्हनं?"

"अहो, तो नर्सरीत जातो ना?"

"त्ये येगळं! घ्यायचं न्हाय म्हंजे काय? आमी काय वाऱ्यावर पडलोय?"

"तसं नाही... अर्ज..."

"मंग द्या की! दोन द्या."

"दुसरा कुणाला?"

"बायकूला दिवस गेल्यात!"

अर्ज मुळात तयारच नव्हता. तो करायला बसलो आणि तिथंच माझा घात झाला. एका पानात थांबेल तो ग्रंथपाल कसला? चार पानं झाली. अकरावा प्रश्न होता: 'मुलाला घरी गोष्ट कोण सांगतं?' बस! वडील गोष्ट सांगत नसतील तर प्रवेश नाही, अशी आवई उठली. ज्यांनी पोरांशी 'गप बस'च्या पुढं कधी संभाषण केलं नव्हतं, ते बाप पोरांना पकडून गोष्टी सांगू लागले. बलभीम पारावर रुद्रेशला मांडीत दाबून सांगत होता, "एक राजा हुता. त्येला बारा एकर ऊस हुता. संपली! आता सांग, गोष्ट कोन सांगतंय?"

पानटपरीवाल्या कुलदीपनं तर फळाच लावला: 'अंगणवाडी प्रवेश पूर्वतयारी वर्ग. यशाची हमी!' ठोकळ्यांवर ठोकळे कसे रचावेत, हे तिथं पोरांकडून पाठ करून घेत. सरपंच रणधीर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पंत, जत्रंत जसे मानाचे नारळ असतेत, तशा मानाच्या पाच जागा सोडा." मी 'नाही' म्हणालो. बहुतेक मनातच म्हणालो असेन, कारण ते आभार मानून गेले!

पंधराव्या दिवशी पंचवीस नावांची यादी लागली. व्हॅन रिकामी! मी कढईतल्या पुरीसारखा फुगलो. एवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या मदतनीस हरणाबाई नातीचं बोट धरून आल्या.

"पंत, आमच्या शिवांजलीचं नाव कंच्या वळीत हाय?"

मी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. शिवांजली नव्हती. नऊपैकी कुणीच नव्हतं! वस्तीवरची माणसं उजाडायच्या आत कामाला जातात. चार पानं भरणार कोण?

"तुम्ही अर्ज नव्हता ना भरला..." मी पुटपुटलो.

"पोरगी रोज हितंच असती! तिला कशाचा अर्ज?" हरणाबाईंनी पदर खोचला. "पोरं कमी हुती तवा अंगनवाडी गावाभाईर चालली हुती. आता पोरं लई झाली, तर आमचंच पोर भाईर! लई शिकलेलं डोस्कं बघा तुमचं."

"पण पाटीवर पंचवीसच लिहिलंय हो."

"कुनी लिवलंय?"

"...मी."

"मला वाचता येत न्हाय," हरणाबाई म्हणाल्या आणि नऊही पोरांना इमारतीला वळसा घालून स्वयंपाकखोलीच्या मागच्या दारानं आत घेऊन गेल्या.

मला हायसं वाटलं. पण गावात दिवे लागायच्या आत बातमी फिरली: "मागनं घ्यायलेत!"

दुसऱ्या दिवशी मी पुढच्या दारात हजेरीपट घेऊन उभा, तर चिटपाखरू नाही! मागं जाऊन बघतो तर चुलीपाशी ही रांग! पंचवीसही पोरं, त्यांचे आईबाप, आणि सर्वांत पुढं नारळ घेऊन सरपंच.

"अहो बलभीम, रुद्रेशचं नाव यादीत पहिलं आहे! पुढून या!"

"पुढनं कुनीबी येतंय पंत! मागनं यायला वळख लागती."

नेमक्या त्याच दिवशी तपासणीला पर्यवेक्षिका मॅडम आल्या. त्यांनी डोकी मोजली. चौतीस! मागची रेटारेटी पाहून त्या चकित झाल्या आणि दुसऱ्या खोलीचा प्रस्ताव पाठवते म्हणाल्या. अंगणवाडी वाचली. माझा सत्कार झाला. माझ्या भाषणाचा आवाज मात्र कुणालाच आला नाही.

आता वस्तीवरची नऊ मुलं पुढच्या रिकाम्या दारानं ऐटीत येतात, पुढं बसतात आणि चांगले ठोकळे आधी घेतात. बाकी गाव मागच्या दारात धक्के खातं. सत्यभामाताई म्हणाल्या, "सर, आता तरी ती पाटी काढा." मी खिळ्याला हात घातला आणि थांबलो. इथं सगळ्यांनाच प्रवेश आहे, हे कळलं तर संध्याकाळपर्यंत व्हॅन पुन्हा भरेल!

परवा शिवांजलीनं पाटीकडं बोट दाखवलं. "आज्या, हितं काय लिवलंय?"

"'या, बसा' असं लिहिलंय," मी म्हणालो.

तिला ते पटलं. पण मला झोप नाही. सत्यभामाताई शिकवतात फार चांगलं. दोन वर्षांत पोरगी वाचायला लागेल!