मस्कतचा खंजीर, अळणावरची हळद

कपाटातल्या पाच खंजिरांपैकी मधला खंजीर जागेवर नव्हता. त्याचं म्यान तेवढं होतं. रविवारी सकाळी सात वाजता नागोजीनं ते म्यान उलटं करून झटकलं, आत डोकावून बघितलं आणि शेजारच्या घरालाही ऐकू जाईल अशी हाक मारली.

"कौसल्याऽ! खंजीर कुठं हाय?"

"भरमाच्या हातात," चहा गाळत कौसल्या म्हणाली. "अक्का न्हेली परवा, पोराच्या लग्नाला. गावची कट्यार दुसऱ्या लग्नात अडकलीया. नवऱ्याला रिकाम्या हातानं हळद कशी लावायची?"

"अगं, ती काय विळी हाय व्हय, शेजारणीला द्यायला?"

"टोकाला लिंबूच टोचायचंय की ओ. लिंबाला काय कळतंय अरबस्तान?"

नागोजी मटकन खाली बसला. तो गोकुळ रोडवरच्या एका कारखान्यात लेथवर काम करी. धाकटा भाऊ आनंदा मस्कतला क्रेन चालवायला गेला, त्याला आता सहा वर्षं झाली होती. लोकांचे भाऊ टेपरेकॉर्डर आणि अत्तर आणत. नागोजीनं मागून घेतले ते वाकडे अरबी खंजीर. मुठीवर दोन गोल टिकल्या असल्या की येमेनचा, म्यान जवळजवळ काटकोनात वळलं आणि त्यावर चांदीची कडी असली की ओमानचा, हे तो विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही सांगे. तो माणूस पुढच्या महिन्यापासून बाहेरूनच अंदाजानं आकडा लिहून जाऊ लागला.

ऐकणारं माणूस अखेर एकच भेटलं. धारवाडच्या एका लहानशा वस्तुसंग्रहालयातल्या सुलभाबाई. त्यांनी पत्रानं कळवलं होतं, की शस्त्रांचं नवं दालन होतंय. मधला खंजीर अस्सल निघाला तर तो काचेत ठेवू आणि खाली मालकाचं नाव लिहू. यादी सोमवारी छापायला जायची होती. म्हणून बाई आज नऊ वाजता खंजीर बघायला येणार होत्या. काचेखाली आपलं नाव कसं दिसेल, हे नागोजीनं पंधरा दिवस कारखान्यात खडूनं लोखंडी पत्र्यावर लिहून बघितलं होतं.

नऊच्या ठोक्याला बाई आल्या. नागोजीनं मान खाली घालून सगळं सांगितलं.

"लग्नात? मग लग्नाला जाऊ," बाई म्हणाल्या. "पण अळणावरहून पाचची गाडी मला मिळायलाच हवी."

अळणावरजवळच्या अक्काच्या खेड्यात तिघं पोचली तेव्हा भरमा डोक्यापासून पायापर्यंत पिवळा होऊन पाटावर बसला होता. मुठीत खंजीर, टोकाला लिंबू. भरमा म्हणजे कौसल्येच्या थोरल्या बहिणीचा, दुर्गव्वाचा मुलगा. खंजिराच्या मुठीला हळदीचं फडकं गुंडाळलं होतं आणि मनगटावरच्या काकणाचा दोरा त्यावरून सातआठ वेढे घालून घट्ट आवळला होता.

सुलभाबाईंनी चष्मा पुसला. लिंबाच्या खालून, वरून, बाजूनं पातं बघितलं. "पात्यावरून काही ठरत नाही. पाती बदलतात. म्यानसुद्धा एकाचं दुसऱ्याला घालतात. मूठ पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

"भरमा," नागोजी हळूच म्हणाला, "मूठ जरा मोकळी कर, बाळा."

भरमा गरीब गाय. तो लगेच दोरा चाचपायला लागला. तेवढ्यात दुर्गव्वा धावून आली. "हात लावशील तर बघ! काकण सोडायचं ते नवरीनं, जेवणं झाल्यावर. तवर दिल्लीचा राजा आला तरी सुटायचं न्हाई! दाजी, तुमाला कळत न्हाई व्हय?"

नागोजीला एवढंच कळलं, की पाचच्या आत हे लग्न लागलं पाहिजे, जेवलं पाहिजे आणि सुटलं पाहिजे. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. नागोजीला ते आता दुसऱ्याचं करून बघायचं होतं.

मुहूर्त बाराचा होता आणि साडेअकरा झाले तरी नवरीकडचा टेंपो आला नव्हता. नागोजीनं कुणाची तरी सायकल ओढली. दोन मैलांवर टेंपो रस्त्यात उभा, आणि वऱ्हाड झाडाखाली निवांत पानं खात बसलेलं. डिझेलच्या नळीत कचरा अडकला होता. नागोजी पांढऱ्या शर्टानिशी खाली शिरला, नळी तोंडात धरून ओढली आणि घोटभर डिझेल पोटात घेऊन बाहेर आला. टेंपो सुरू झाला. शर्ट कामातून गेला.

वऱ्हाड मांडवात आलं तर नवरीचा मामा गुंडू रुसून कणगीमागं जाऊन बसला. नवऱ्याच्या मामाला फेटा आणि आपल्याला टोपी, हा अपमान त्याला सहन होईना.

"मामा, बेगा, लवकर उठा!" नागोजी म्हणाला.

"का उठू? टोपी घालून मामा असतोय व्हय कुठं?"

नागोजीनं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवला. अक्षता पडल्या तेव्हा बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मग पंगती. गावाला कसली पाचची गाडी! एकेक जण गव्हाच्या खिरीत, हुग्गीत बोट फिरवत जगाच्या गोष्टी सांगत होता. नागोजीनं वाढप्याच्या हातातली बादली हिसकावली. ज्याला एक पळी हवी त्याला तो एकदम तीन वाढी, म्हणजे परत फिरायला नको. "आणि पायजे? साकु? बास? मग उठा, हात धुवा!" एका म्हाताऱ्याला तर त्यानं काखेत धरून उठवलं. म्हातारा खूश झाला. म्हणाला, एवढी काळजी घरचीसुद्धा घेत न्हाईत.

सव्वाचारला भरमा आणि नवरी पारू समोरासमोर बसली. गाठी एका हातानं सोडायच्या होत्या, आणि बांधणाऱ्या पोरींनी त्या दात-ओठ खाऊन बांधल्या होत्या. नागोजी नवरीच्या खांद्यापाशी वाकला.

"वरचा दोरा खालनं काढ, पोरी. डावीकडनं. डावीकडनं गं!"

"काका, गप ऱ्हावा की," पारू मान वर न करता म्हणाली. "माझं लग्न हाय."

नागोजी मागं सरला आणि चार मिनिटांत काकण सुटलं. मांडवात एकच आरडाओरडा झाला. सुलभाबाईंनी रुमालानं मूठ पुसली, पिशवीतलं म्यान शेजारी धरलं, चांदीच्या तारेची वीण इकडची आणि तिकडची जुळवून बघितली. मग त्या इतक्या गोड हसल्या की नागोजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओमानचाच. मूठ आणि म्यान एकाच कारागिराच्या हातचं. फार सुरेख वस्तू आहे." त्यांनी छापील कागद काढला, पेन उघडलं. "मालकाचं नाव काय लिहू?"

नागोजीनं तोंड उघडलं. पण दुर्गव्वा सकाळपासून या माणसाकडे बघत होती. तेलकट शर्ट, बोडकं डोकं, हाताला हुग्गी. तिला भरून आलं. तिनं नागोजीचा हात धरून वर केला आणि मांडवाला सांगितलं, "माज्या सख्ख्या भावानं केलं नसतं ते दाजीनं केलं! आनि हळद लागलेली कट्यार काय कोन परत न्हेत न्हाई. ही अरबस्तानची कट्यार दाजीचा भरमाला आहेर!"

वाजंत्री वाजली. गुंडूमामा फेट्यासकट टाळ्या वाजवू लागला. भरमा आणि पारू जोडीनं येऊन नागोजीच्या पाया पडली. नागोजीनं कौसल्येकडे बघितलं. कौसल्या अतिशय लक्षपूर्वक मांडवाच्या छताकडे बघत होती.

"नाव?" सुलभाबाईंनी घड्याळ बघत पुन्हा विचारलं. "गाडी जाईल हो माझी."

पायावरचं पोराचं डोकं अजून हललं नव्हतं. नागोजीच्या तोंडून 'माझं' काही निघेना.

"लिवा," तो म्हणाला. "भरमा."

दोन महिन्यांनी दालन उघडलं. भरमानं अख्खं गाव टेंपोत घालून धारवाडला आणलं होतं. काचेसमोर ही गर्दी. खंजिराखाली कन्नडमध्ये लिहिलं होतं : ओमान देशचा खंजीर, मालक भरमा बाळाप्पा. दुर्गव्वा ते नाव बोटानं गिरवत होती, आणि जो येईल त्याला पुन्हा वाचायला लावत होती. नागोजी मागं टाचा उंचावून उभा होता. नाव त्याला तिथून नीट दिसत होतं. अक्षर सुंदर होतं, खडूपेक्षा कितीतरी सुंदर.

पहारेकरी लोकांना मागं सारत त्याच्यापाशी आला. "सरका, सरका! अहो, तुम्ही कोण? तुमचा काय संबंध या खंजिराशी?"

नागोजीनं सदरा नीट केला.

"मी नवऱ्याकडचा," तो म्हणाला.