इंगळे सर आणि हडप्पाची नाली

इंगळे सर कोणाच्याही घरी गेले, की समोरच्या दारानं लगेच आत जात नाहीत. आधी घराला वळसा घालून मागे जातात, मोरीचं पाणी कुठून निघतं आणि कुठं जातं ते पाहतात, मगच चप्पल काढतात. ते पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मला वाटलं, महापालिकेचा माणूस आला. मी घरपट्टीची पावती शोधू लागलो.

सर भातकुलीच्या शाळेत इतिहास शिकवायचे. त्यांच्या वाट्याला कायम सहावी आली. त्यामुळे त्यांचा इतिहास हडप्पापाशी सुरू होतो आणि गुप्त काळानंतर थांबतो. पुढचं सगळं ते ऐकीव माहिती म्हणून सांगतात. "मोगल आले होते म्हणतात," असं एकदा फार जपून म्हणाले होते.

हडप्पाबद्दल मात्र ते जपून बोलत नाहीत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कळणं ही माणसाच्या विचारातली मोठी क्रांती, असं मी बोलून गेलो. सरांनी मान हलवली.

"पृथ्वी आधीही फिरूनच राहिली होती, पत्रकार. आपली घाण दुसऱ्याच्या दारात जाऊ नये, हे ज्याले पहिल्यांदा सुचलं, क्रांती त्यानं केली. नालीवर झाकण बसलं, त्या दिवशी."

भाचीसाठी स्थळ पाहायला अकोल्याला गेले, तेव्हा मुलगा इंजिनिअर होता आणि पोहे चांगले होते. सरांनी पगार विचारला नाही, शेती विचारली नाही. तुमच्या आंघोळीचं पाणी कुठं जातं, एवढंच विचारलं. मुलानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी आईकडे. सरांनी स्थळ नापास केलं. लग्न तरीही तिथंच झालं. आहेर करताना सर म्हणाले, हडप्पातही काही चुका झाल्याच असतील.

आमच्या गल्लीची नाली सरांनी स्वतः उभं राहून नीट करून घेतली. उतार काढला, भाजक्या विटा लावल्या, उचलता येतील अशी झाकणं बसवली. गल्लीतल्या तीन घरांना कुलूप आहे. मुलं पुण्याला गेली, मागून म्हातारेही गेले. त्या घरांतून पाण्याचा थेंब येत नाही. सर तरी दर रविवारी तिथलीही झाकणं उचलून नाली साफ करतात. कमलकाकू, म्हणजे सरांच्या पत्नी, ओट्यावरून पाहत असतात. "बाकीच्यायचे नवरे दागिना पाहून खूश होतात," त्या मला म्हणाल्या, "याइले झाकण दाखवा."

एकदा सर बातमी घेऊन माझ्या कार्यालयात आले. हडप्पा रिकामं झालं, ही बातमी. मी म्हणालो, सर, याला काही हजार वर्षं झाली.

"कारण समजलं काय?"

नक्की नाही, मी म्हणालो.

"मंग बातमी चालू हाय."

मी अंदाज सांगितले. नदी सरकली असेल, पाऊस कमी झाला असेल, व्यापार बसला असेल. त्यांनी एकेक खोडून काढला. "नदी सरकली, तर मानूस नदीच्या मागं जाईन ना? पुण्याले कायले जाईन?"

जीभ घसरली असेल, असं समजून मी चहा मागवला.

खुलासा काकूंनी केला, तोही न विचारता. काही वर्षांपूर्वी नात इथं आली असताना तापानं फणफणली. मुलगा प्रशांत तिला कडेवर घेऊन दारात उभा होता. समोर तुंबलेली नाली. इथं कसं राहायचं बाबा, एवढंच तो म्हणाला आणि पुण्याला परत गेला. त्याच महिन्यात सरांनी विटा आणल्या. आता प्रशांतला घरूनच काम करता येत होतं. दिवाळीला येऊन इकडे राहायचं की नाही ते ठरवू, असं तो म्हणाला होता. सरांनी वरच्या खोलीला रंग दिला.

दिवाळीत प्रशांत बायको-मुलीला घेऊन आला. सरांनी त्याला हाताला धरून नालीपाशी नेलं, उतार समजावला, झाकणं उचलून दाखवली. मग झेंडूचं एक फूल टाकून वरून बादलीभर पाणी सोडलं. नात फुलाच्या मागे गल्लीच्या टोकापर्यंत पळत गेली आणि पुन्हा सोडा म्हणाली. सरांनी झेंडूचा अख्खा हार सोडून दिला. "छान केलंय, बाबा," प्रशांत म्हणाला.

भाऊबीज झाल्यावर तिघंही पुण्याला परतले. वरच्या खोलीला कुलूप लागलं.

त्या संध्याकाळी सर माझ्याकडे आले. मागे गेले नाहीत. सरळ समोरच्या दारानं आत येऊन बसले. चहा तसाच राहिला.

"नाली तर साजरी झाली होती ना, पत्रकार?"

छान झाली होती, मी म्हणालो.

"मंग प्रशांत काहून गेला?"

मुलीची शाळा, सुनेची नोकरी, पुण्यातलं घर. अंदाज माझ्याजवळ होते. मी एकही सांगितला नाही.

रविवारी सकाळी गल्लीतून झाकणांचा आवाज आला. सर कुलूपबंद घरांपुढची नाली साफ करत होते. ती झाल्यावर बादली घेऊन ते स्वतःच्या घरापाशी आले आणि वर, रंग दिलेल्या खोलीत गेले. थोड्या वेळानं तिथल्या मोरीतून पाणी खाली आलं आणि नालीतून वाहत निघालं. पाण्यावर झेंडूचं एक फूल होतं.