शेवटी सरदाराचे बाळ होते

इतिहासापासून शिकले पाहिजे, याबद्दल आजवर कोणाचे दुमत झालेले नाही. इतिहास कोणत्या बाजूने उघडावा, हे मात्र कोणी ठरवून दिलेले नाही.

अमडापूरच्या अलीकडे आमचे गाव लागते. गावात सार्वजनिक वाचनालय आहे. सभासदांपैकी शेकडा साठ वर्तमानपत्रासाठी येतात आणि उरलेले पंख्यासाठी. अध्यक्ष भगवानराव यांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक फाटलेले नाही (एकही कपाटाबाहेर आलेले नाही). असे असूनही यंदा सभासद पंजाबरावांनी अध्यक्षपदाला उभे राहणार असे जाहीर केले आणि भगवानरावांची झोप उडाली. खुर्ची गेली तर संध्याकाळी घरी बसावे लागणार होते, आणि घरी त्यांच्या पत्नी केसरबाई होत्या.

म्हणून भगवानरावांनी चिखलीच्या प्रदर्शनातून दोन सचित्र पुस्तके आणून वाचनालयाला भेट दिली. एकात साडेचारशे वर्षांपूर्वीच्या जपानी सरदारांच्या आपसातल्या लढाया होत्या, दुसऱ्यात आधुनिक शोध. दोन्ही मूळची जपानी. अक्षरे मराठी केलेली, चित्रे होती तशीच. प्रथेप्रमाणे पहिल्या पानावर 'भगवानराव यांजकडून सप्रेम भेट' असे लेबल फोटोसह चिकटवण्यात आले. त्या जागी लाल चौकटीत काहीतरी सूचना छापलेली होती, पण फोटो मोठा असल्याने ती झाकली गेली.

मग रोज संध्याकाळी भगवानराव स्वतः चित्रे दाखवून वाचू लागले. पहिल्या चित्रात सरदाराचे मुंडके धुळीत पडलेले होते. पुढे ते धडावर आले, सरदार घोड्यावर बसला, पेटलेला किल्ला विझला, फौज आपापल्या घरी गेली. शेवटच्या पानावर सरदार आईच्या मांडीवर अंगठा चोखत होता. मोठा माणूस शेवटी किती लीन होतो, हे पाहून सभासदांचे डोळे पाणावले.

शोधांचे पुस्तक याहून उद्बोधक निघाले. त्यात आधी वाऱ्यासारखी धावणारी रेल्वे होती, तिचे वाफेचे इंजिन झाले, इंजिनाची घोडागाडी झाली आणि अखेरीस सर्व संशोधन बैलगाडीपाशी येऊन थांबले. बल्बचा कंदील आणि कंदिलाची पणती झाली. जगाने एवढी यातायात करून जिथे पोचायचे, तिथे आपले गाव आधीच पोचलेले आहे, असा अभिनंदनाचा ठराव एकमताने झाला.

शंका कोणाला आली नाही, आणि यायचे कारणही नव्हते. आमचा रस्ता आधी डांबरी होता, मग खडीचा झाला, आता मातीचा आहे. नळाला आधी पाणी होते, मग नुसता नळ राहिला, आता योजनेचा सर्व्हे सुरू आहे. पुस्तकात आमच्या अनुभवाबाहेरचे काहीच नव्हते.

अपवाद एकट्या ग्रंथपाल धम्मशीलाबाईंचा. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी पुस्तक उलटं वाचून राह्यले. जपानी पुस्तक उजवीकडून उघडा लागते. तुमच्या फोटोखाली तसं छापेल हाये."

"म्हंजे फोटो काढा लागीन?"

"हाव."

"मंग राहू द्या," भगवानराव म्हणाले.

यानंतर भगवानरावांनी ग्रंथातली युद्धनीती निवडणुकीला लावली. सरदार आधी विजयाचा झेंडा लावतो, मग लढतो आणि लढाईची आखणी सर्वांत शेवटी करतो. तेव्हा त्यांनी प्रथम मिरवणूक काढली. बँड होता, गुलाल होता, पेढे होते. पंजाबराव शेतातले सोयाबीन सोंगून घरी परतत होते.

"काय झालं बे?" त्यांनी बँडवाल्याला विचारले.

"भगवानराव निवडून आले ना!"

पंजाबराव दिलदार माणूस. मनातून खूप वाईट वाटले, तरी त्यांनी हार घातला, पेढा खाल्ला आणि घरी गेले. उमेदवारी अर्ज त्यांनी भरला नाही. झालेल्या निवडणुकीत अर्ज भरणे त्यांना शोभले नसते. भगवानराव बिनविरोध ठरले.

वाचनालयाच्या सभेत धम्मशीलाबाई उठल्या आणि भगवानरावांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "यायचा अर्ज कुठी हाये?"

"तो शेवटल्या पानावर," भगवानरावांनी सांगितले, आणि तो त्यांनी तिथेच सर्वांसमक्ष भरला.

बाईंना राग आला. त्यांनी दोन्ही पुस्तके उजवीकडून उघडून सभेला वाचून दाखवली. सरदार जन्मला, लढला आणि मारला गेला. बैलगाडीची रेल्वे झाली. सभासद खवळले. "बाईनं चांगला जित्ता सरदार मारून टाकला!" एक जण म्हणाला. दुसऱ्याने विचारले, "मातीचा रस्ता डांबरी होते, असं कधी आयकलं काय?" पंजाबरावांनीही मान डोलावली. शेवटी बाईंच्या हातून पुस्तके काढून कपाटात ठेवण्यात आली आणि कपाटाच्या काचेवर भगवानरावांचा आणखी एक फोटो लावण्यात आला.

वाचकांना आता आमच्या गावाचे हसू येत असेल. गेल्या निवडणुकीत तुमच्या गल्लीत गुलाल उधळला, तेव्हा निवडून आलेला माणूस नेमके काय करणार आहे हे ज्यांनी गुलालाच्या आधी विचारले होते, त्यांनी खुशाल हसावे. बाकीच्यांनी आत यावे. पेढे अजून उरले आहेत.